ऑटिझम असलेल्या मुलांना सप्लिमेंट द्यावं का? आधी ताटात काय जातंय ते बघूया

ऑटिझमचं निदान झालं की महिना-दोन महिन्यांत घरात चार बाटल्या गोळा होतात. एक डॉक्टरांनी लिहून दिलेली, एक पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी सांगितलेली, एक ऑनलाइन मागवलेली ज्यावर मेंदूचं चित्र आहे आणि एक आत्याने किंवा मावशीने प्रेमाने आणून दिलेली. ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतंच, "तुम्ही काय चालू केलंय? फरक पडला का?" मी लहान मुलांच्या आहारावर काम करते त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेही सारखा येतो, आणि पाच मिनिटांत उत्तर देताना निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. ऑटिझम घालवेल किंवा कमी करेल असं सिद्ध झालेलं एकही व्हिटॅमिन, पावडर, तेल किंवा थेंब आज तरी नाही. पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांच्या शरीरात काही ना काही खरोखर कमी असतं आणि ते भरून काढणं फार गरजेचं असतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ त्या एकत्र केल्यामुळे होतो. लोह कमी आहे म्हणून लोह दिलं तर तो लोहाच्या कमतरतेचा उपचार झाला. त्याने मूल शांत झोपेल, चिडचिड कमी होईल, थेरपीला जास्त वेळ बसेल, हे सगळं होऊ शकतं आणि ते छोटं नाहीये. पण ज्या मुलाचं लोह व्यवस्थित आहे त्याला तेच सिरप पाजून पोट बिघडण्यापलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून "ऑटिझमला कोणतं सप्लिमेंट चांगलं" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि "माझ्या मुलाला नेमकं काय कमी पडतंय" इथून सुरुवात करा.

आता कमी का पडतं? कारण ही मुलं फार मोजकं खातात. २०१३ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी इतर मुलांपेक्षा साधारण पाचपट दिसल्या. आणि या अडचणी लाडामुळे आलेल्या नसतात, हे आजी-आजोबांना तर आवर्जून सांगा. तोंडात गेलेला घास काही मुलांना इतका तीव्र जाणवतो की भाजीतला एक कोथिंबिरीचा तुकडा सुद्धा त्यांना सहन होत नाही. कोणी फक्त कुरकुरीत खातं, कोणी फक्त पांढरं खातं, म्हणजे भात, दही, इडली, दूध, बस. कोणी एकाच कंपनीचं बिस्किट खातं आणि कंपनीने पुडा बदलला तर तेही बंद. वरण-भात खाणाऱ्या मुलाच्या वरणात मोहरी दिसली तर अख्खं ताट बाजूला सरकतं. घरच्यांना वाटतं वजन तर बरं आहे, मग काळजी कसली. पण भात, बिस्किटं, चिप्स आणि दुधावर वजन वाढतं, त्याच वेळी व्हिटॅमिन सी, लोह, व्हिटॅमिन ए खाली जात राहतात. ही भूक वजनकाट्यावर दिसत नाही.

किती खाली जाऊ शकतं याचं एक उदाहरण देते, कारण हे बऱ्याच डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी च्या कमतरतेचा आजार, शाळेत आपण जुन्या काळच्या खलाशांचा आजार म्हणून शिकलो. तो आज ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये सापडतोय, जगभरातल्या डॉक्टरांनी अशा केसेस नोंदवून ठेवल्यात. मूल लंगडायला लागतं, मग चालायलाच नकार देतं, पाय दुखतो पण सांगता येत नाही, हिरड्या सुजून रक्त येतं, पायावर लाल-निळे ठिपके दिसतात. मग संधिवात असेल, हाडाचा संसर्ग असेल, रक्ताचा कॅन्सर असेल अशा शंका येतात, एमआरआय होतो, बोनमॅरोपर्यंत तपासण्या जातात, आणि शेवटी कोणीतरी विचारतं की हा खातो काय? उत्तर येतं, गेली दोन वर्षं एकही फळ नाही, एकही भाजी नाही. व्हिटॅमिन सी दिल्यावर काही दिवसांत दुखणं कमी व्हायला लागतं. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ३५ मिलिग्रामच्या आसपास व्हिटॅमिन सी लागतं, आणि पेरूच्या दोन-तीन फोडींत ते सहज मिळतं. पण त्या दोन फोडी पोटात जातच नसतील तर तिथे थेंब किंवा सिरप देणं अगदी बरोबर आहे, आणि ते लगेच द्यायला हवं.

असंच व्हिटॅमिन ए चं. बटाट्याच्या चिप्सवर वर्षानुवर्षं काढलेल्या ऑटिस्टिक मुलांची नजर कायमची गेल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्यात. अंधार पडल्यावर मूल धडपडत असेल, डोळे सारखे चोळत असेल आणि आहारात गाजर, पपई, आंबा, पालेभाजी, अंडं, दूध यातलं काहीच नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आहार पण सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

मग तपासायचं काय? दहा हजारांचं पॅकेज लागत नाही. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, व्हिटॅमिन डी, बी१२, आणि आहार फारच मर्यादित असेल तर डॉक्टर सांगतील ते अजून एक-दोन, एवढ्यात बहुतेकांचं काम होतं. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फक्त हिमोग्लोबिन बघून "ब्लड रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून घरी जाऊ नका. ताप-सर्दी चालू असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं त्यामुळे मूल बरं असताना तपासा. लोहाचा झोपेशी संबंध आहे, साठा कमी असला की काही मुलं रात्रभर पाय हलवतात, कूस बदलत राहतात. टोरांटोमध्ये २००७ साली ऑटिझम असलेल्या ३३ मुलांना लोह देऊन बघितलं होतं, त्यांची अस्वस्थ झोप सुधारली. छोटा अभ्यास आहे, त्यात तुलनेला दुसरा गट पण नव्हता, पण फेरिटिन कमी असेल तर लोह तसंही द्यायचंच असतं त्यामुळे इथे गमावण्यासारखं काही नाही. लोहाचं सिरप दुधासोबत किंवा चहासोबत देऊ नका, शोषलं जात नाही. लिंबू सरबतासोबत चांगलं लागू पडतं.

मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर लोह तर बघाच, पण रक्तातलं शिसंही तपासायला सांगा. जुन्या रंगात शिसं असतं आणि ते मेंदूला खरोखर इजा करतं.

बी१२ आपल्याकडे विशेष बघायला हवं. शाकाहारी घरात बी१२ जवळपास सगळं दूध, दही, ताक, पनीर यातूनच येतं. त्यात मूल दूध पीत नसेल, किंवा कोणीतरी दूध बंद करायला सांगितलं असेल, तर बी१२ चा रस्ताच बंद झाला. ते कमी झालं की थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं हे सगळं येतं आणि घरच्यांना वाटतं ऑटिझम वाढला.

दोन तपासण्यांवर मात्र पैसे घालवू नका. एक केसांची तपासणी करून "शरीरात जड धातू आहेत" असा रंगीत रिपोर्ट देणारी, आणि दुसरी रक्तातून शंभर पदार्थांची आयजीजी पॅनेल करून "हे हे चालत नाही" अशी यादी देणारी. आयजीजी अँटिबॉडी म्हणजे तो पदार्थ मुलाने खाल्लाय याची खूण, ॲलर्जीची खूण नव्हे. त्या यादीमुळे होतं काय, जे मूल मुळात आठच पदार्थ खातं त्याच्या ताटातून अजून तीन जातात.

आता ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं त्यांच्याकडे येते, पण त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं पटणार नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन मुलांचा रिपोर्ट छापून आला. पोटाच्या तपासणीसाठी त्यांना सिक्रेटिन नावाचं हार्मोन टोचलं होतं आणि त्यानंतर ती जास्त बघायला, बोलायला लागली असं दिसलं. टीव्हीवर बातमी आली, हजारो पालक ते इंजेक्शन मिळवायला धावले. १९९९ मध्ये नीट प्रयोग झाला, ५६ मुलांमध्ये, निम्म्यांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना साधं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय दिलंय हे पालकांना माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही माहीत नाही. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, जवळपास सारखीच. म्हणजे मिठाच्या पाण्यानेही मुलं "सुधारली". आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग पुढे आहे, निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालक म्हणाले की आम्हाला सिक्रेटिनमध्ये रस आहे. त्यांना नावं ठेवायची नाहीयेत. मूल सतत वाढत असतं, थेरपी चालू असते, चांगले-वाईट आठवडे येत जात असतात, आणि औषध नेहमी वाईट आठवड्यातच सुरू केलं जातं, मग पुढचा आठवडा बरा जाणारच असतो. त्यात आपण आशेने बघत असतो. म्हणून ग्रुपवर "आमच्याकडे खूप फरक पडला" असं कोणी लिहिलं तर ते खोटं बोलत नसतात, पण फरक त्या बाटलीमुळेच पडला हे त्यांना आणि आपल्याला कळायचा मार्ग नसतो. तुलनेला दुसरा गट हवा, तो याचसाठी.

बी६ आणि मॅग्नेशियमची जोडी १९६० च्या दशकापासून चालत आलीय. बर्नार्ड रिमलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती मोठ्या प्रमाणावर पुढे आणली. हे तेच रिमलँड ज्यांनी "आईच्या थंड वागण्यामुळे ऑटिझम होतो" हे त्या काळचं भयंकर मत खोडून काढलं, ते उपकार मोठे आहेत. पण मोठ्या डोसच्या व्हिटॅमिनचा त्यांचा दावा टिकला नाही, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात जेमतेम तीन छोटे प्रयोग सापडले आणि त्यावरून ही जोडी द्या असं म्हणता येत नाही असा निष्कर्ष आला. बी६ ची रोजची गरज एक मिलिग्रामच्या आसपास असते, आणि या उपचारात शेकडो मिलिग्राम दिलं जायचं. इतकं बी६ दीर्घकाळ घेतलं की हातापायांच्या नसा खराब होतात, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बोलणारं मूल सांगेल की पाय झोपलाय. न बोलणारं मूल काय करेल? ते चवड्यावर चालेल, पाय आपटेल, चालायला नाही म्हणेल, आणि आपण म्हणू हे ऑटिझममुळे करतोय. सप्लिमेंटचा विचार करताना माझ्या डोक्यात ही गोष्ट कायम असते.

ओमेगा-३ बद्दल कॉक्रेनचा २०११ चा आढावा आहे, त्यात नियमाला धरून केलेले प्रयोग फक्त दोन सापडले, दोन्ही मिळून ३७ मुलं, आणि ऑटिझमच्या लक्षणांवर परिणाम होतो असा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने तर झोपेच्या त्रासासाठी ओमेगा-३ वापरू नका असं स्पष्टच लिहिलंय. फार धोक्याचं नाहीये, पण महाग आहे. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांच्या घरी मूल बांगडा किंवा तारली खात असेल तर ओमेगा-३ ताटातच आहे, वेगळी कॅप्सूल कशाला.

व्हिटॅमिन डी बद्दल २०१६ मध्ये इजिप्तमधून एक प्रयोग आला होता, मोठ्या डोसने लक्षणं खूप सुधारली म्हणून. तो अजूनही फॉरवर्ड होतो. पण ज्या नियतकालिकाने तो छापला त्यांनीच २०१९ मध्ये तो मागे घेतला, हे फॉरवर्डमध्ये नसतं. डी कमी असेल तर जरूर द्या, हाडांसाठी द्या, आपल्याकडे उन्हाच्या देशात राहूनही ते खूप जणांचं कमी असतं.

आणि सध्याचा सगळ्यात गरम विषय, फोलिनिक ॲसिड म्हणजे ल्युकोव्होरिन. २२ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत व्हाइट हाउसमधून ऑटिझमवरचा उपचार म्हणून त्याची घोषणा झाली आणि इकडे मेडिकलवाल्यांकडे विचारणा सुरू झाली. यामागची कल्पना तरी निराधार नाही. काही मुलांच्या रक्तात अशा अँटिबॉडीज सापडतात ज्या फोलेटला (हे बी गटातलं एक व्हिटॅमिन) मेंदूत जाऊ देत नाहीत, फोलिनिक ॲसिड दुसऱ्या वाटेने आत जाऊ शकतं. २०१८ मध्ये ४८ मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात बोलण्यात सुधारणा दिसली. पण ४८ मुलं म्हणजे सुरुवात आहे, मोठ्या प्रयोगांत तेच दिसेपर्यंत थांबायला हवं, सिक्रेटिनची सुरुवातही अशीच झाली होती. शिवाय हे मुळात कॅन्सरच्या उपचारात वापरलं जाणारं प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. विचार करायचाच असेल तर बालमेंदूविकारतज्ज्ञांशी बोला. आणि साधी फॉलिक ॲसिडची गोळी म्हणजे हे नव्हे, ती देऊन हे काम होत नाही. मुलाला फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर जास्तीच्या फॉलिक ॲसिडमुळे त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण खाली येऊ शकतं, मग फिट येण्याची भीती.

झोपेसाठी मेलाटोनिन, हे एक असं आहे ज्याला बऱ्यापैकी पुरावा आहे. झोप लागायला कमी वेळ लागतो. पण आधी स्क्रीन बंद करणं, ठरलेली वेळ, फेरिटिन तपासणं हे सगळं करून बघायचं, मग डॉक्टरांनी ठरवलेला डोस. गमीज तर नकोच. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ गमीज प्रयोगशाळेत तपासल्या तर २२ चं लेबल चुकीचं निघालं, कुठे लिहिलंय त्याच्या साडेतीनपट, आणि एकात तर मेलाटोनिन सापडलंच नाही.

गहू-दूध बंद करण्याबद्दल आता. गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसिन नीट पचत नाही, त्याचे तुकडे मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात, अशी ती थिअरी. अमेरिकेत रोचेस्टरला १४ मुलांना आधी काही आठवडे कडक डाएटवर ठेवलं आणि मग कोणालाही न कळता कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, कधी काहीच नाही असं दिलं. वागण्यात, झोपेत, पोटात काही फरक दिसला नाही. नाइसनेही ऑटिझमच्या लक्षणांसाठी हे डाएट करू नका असंच सांगितलंय. गव्हाचं आपल्याकडे त्यातल्या त्यात सोपं आहे, ज्वारीची, नाचणीची, तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी यात ग्लुटेन नाहीच, त्यामुळे चारशे रुपयांचा ग्लुटेन-फ्री पाव आणायची कोणालाही गरज नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पोटाचा खरा त्रास असेल आणि ग्लुटेनमुळे आतडं खराब करणाऱ्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची शंका असेल तर गहू बंद करायच्या आधी रक्ताची टेस्ट करा, बंद केल्यावर ती टेस्ट फसवी निगेटिव्ह येते. दूध बंद करणं मात्र मला खरोखर भीतीदायक वाटतं. शाकाहारी घरातल्या मुलाचं दूध-दही गेलं की कॅल्शियम, बी१२ आणि चांगलं प्रोटीन तिन्ही एका फटक्यात जातं. २००८ च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलग्यांची हाडं इतरांपेक्षा पातळ दिसली होती आणि ज्यांचं दूध बंद होतं त्यांची जास्तच. बदामाचं दूध ही भरपाई करत नाही, त्यात प्रोटीन अगदीच कमी असतं. नाचणीने कॅल्शियमला मदत होते, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रामच्या वर असतं, पण बी१२ ती देत नाही.

"व्हिटॅमिनच तर आहे, नुकसान काय होणार" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. तर एक गणित करूया. समजा पाच वर्षांचं मूल आहे. मल्टिव्हिटॅमिन सिरपमध्ये ४०० युनिट व्हिटॅमिन डी. कॅल्शियमच्या सिरपमध्ये चमच्याला २५०, दिवसातून दोनदा, म्हणजे ५००. गमीत ४००. डी चे थेंब वेगळे, ८००. झाले २१००. याशिवाय साठ हजार युनिटचं आठवड्याचं पाकीट चालू आहे, सातने भागलं तर दिवसाला साडेआठ हजारांच्या वर. एकूण साधारण १०,७००. या वयाला दिवसाला ३००० च्या वर जाऊ नये असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलंय. ठरावीक आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते पाकीट देणं हा उपचार आहे, पण ते संपल्यावर थांबायचं असतं, आणि आपल्याकडे आठवड्याचं पाकीट गैरसमजाने रोज दिल्यामुळे विषबाधा झालेल्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. घरातल्या सगळ्या बाटल्या एकदा टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं बारीक अक्षर वाचून डी आणि ए ची बेरीज कागदावर करा. डी च्या एका मायक्रोग्रामचे ४० युनिट होतात (ए चं गणित वेगळं आहे), लेबलवर कुठे मायक्रोग्राम लिहिलेलं असतं कुठे युनिट. सी किंवा बी१२ थोडं जास्त झालं तर बहुतेक लघवीतून जातं. ए आणि डी चरबीत विरघळतात आणि साठून राहतात.

लंडनमधली एक केस २०१६ मध्ये छापून आली. ऑटिझम असलेला चार वर्षांचा मुलगा, उलट्या, बद्धकोष्ठता, प्रचंड तहान, तीन आठवड्यांत तीन किलो वजन गेलं. रक्तात कॅल्शियम धोकादायक पातळीला. डॉक्टरांना काही दिवस कारणच कळेना, मग आई-बाबांनी सांगितलं की निसर्गोपचारवाल्याने डझनभर सप्लिमेंट्स दिल्यात, त्यात कॅल्शियम होतं, व्हिटॅमिन डी होतं, उंटिणीचं दूध, चांदीचं पाणी पण होतं. "नैसर्गिक" आहे म्हणून आधी सांगायचं सुचलंच नव्हतं. मुलगा बरा झाला. तुम्ही मात्र डॉक्टरांकडे जाताना सगळ्या बाटल्यांचे फोटो घेऊन जा, काढ्याचे सुद्धा.

घरच्या उपायांबद्दल बोलणं अवघड असतं कारण ते आपल्या माणसांकडून येतात. बोलत नाही म्हणून मधातून वेखंड चाटवायची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. वेखंडातल्या बीटा-असारोन या घटकामुळे प्राण्यांमध्ये कॅन्सर दिसला म्हणून अमेरिकेने १९६८ मध्येच ते खाण्यात वापरायला बंदी घातली. बोलणं उशिरा येण्याचं कारण जिभेच्या जडपणात नसतं, त्यामुळे रोज महिनोन्महिने चाटवण्यात अर्थ नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे कॅम्प गावोगावी असतात, तिथे काय दिलं जातंय, कुठे बनलंय, जड धातूंची तपासणी झालीय का हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. उंटिणीचं दूध आवडत असेल तर प्यायला हरकत नाही, ऑटिझम सुधारेल म्हणून त्याच्या पावडरीवर महिन्याला हजारो घालवू नका, आणि कच्चं तर पाजूच नका, त्यातून ब्रुसेलोसिस हा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

लेबलवर "औषधी उपयोगासाठी नाही" अशा अर्थाची ओळ असते, ती बघा. आपल्या देशात सप्लिमेंट हे अन्न म्हणून विकलं जातं, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली, आणि हेल्थ सप्लिमेंटची व्याख्याच मुळात पाच वर्षांवरच्या व्यक्तींसाठी आहे. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला जे काही द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. औषधाला जसं "हे काम करतं" हे आधी सिद्ध करावं लागतं तसं यांना करावं लागत नाही. आणि गमीज मुलांना चॉकलेट वाटतात, लोहाची गोळी तर पाच-सहा एकदम खाल्ली तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं, कुलपात ठेवा.

डॉक्टरांनी एखादं सुरू केलंच तर एका वेळी एकच सुरू करा, आणि शाळेतल्या बाईंना किंवा थेरपिस्टना त्याबद्दल सांगू नका. महिन्या-दीड महिन्याने त्यांना नुसतं विचारा, काही वेगळं जाणवतंय का? त्यांचं उत्तर आपल्यापेक्षा स्वच्छ असतं.

शेवटचं सांगायचं ते देण्याच्या पद्धतीबद्दल, आणि हे मी प्रत्येक पालकांना दोनदा सांगते. मुलाच्या एकमेव आवडत्या पदार्थात सिरप किंवा पावडर लपवू नका. जे मूल फक्त दहीभात खातं त्याला त्या दहीभातातली धातूसारखी चव लगेच कळते, आणि मग तो दहीभातही जातो. मी हे होताना बघितलंय, उरलेल्या पाच पदार्थांतला एक गेला आणि परत यायला कितीतरी महिने लागले. औषध औषध म्हणूनच द्या, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चमच्याने, न बोलणाऱ्या मुलाला चित्र दाखवून, आणि लगेच मागून आवडीचं काहीतरी. चव अजिबात जमत नसेल तर डॉक्टरांना दुसरा प्रकार लिहून द्यायला सांगा, लोहाचे वेगवेगळे क्षार वेगवेगळ्या चवीचे येतात.

नवीन पदार्थ आणताना जे खातो त्याच्या अगदी शेजारचा निवडा. ठरावीक बिस्किट खातो तर तशाच आकाराचं, तशाच रंगाचं दुसरं, मग घरी केलेलं नाचणीचं. पांढरा भात खातो तर त्यात आधी चमचाभर मुगाचं वरण, गाळून, फोडणी न घालता. नवीन पदार्थ ताटाच्या कडेला असू दे, आधी नुसता बघू दे, मग हात लावू दे, वास घेऊ दे, खायची सक्ती नाही. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर काही मुलं ओठाला लावतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट यात मदत करतात, फीडिंगवर काम करता का असं आधी विचारून घ्या, सगळेच करत नाहीत. पैशाची अडचण असेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांसाठीचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, कुठे आहे ते विचारा. आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो, अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते अजून काढलं नसेल तर या महिन्यात अर्ज करून टाका.